मामाची बॅग

एका बॅगेला तीन रविवार लागतात का, असं मी शिकवते त्या शाळेतल्या एका बाईंनी मला विचारलं आन हसल्या. हसायला काय जातं. पालमहून यष्टीनं परभणीला यायचं, उन्हात दुकानामागून दुकान पालथं घालायचं, आन प्रत्येक ठिकाणी तेच ते चकचकीत डबे बघायचे, हे त्यांनी एकदा करून बघावं. शेवटी शेवटी तर मला नव्या बॅगांचा वासच सहन होईना. चेन उघडली की आतून रॉकेल आन रबराचा भपकारा यायचा, आन दुकानदार वरून म्हणायचा, "बघा मॅडम, एकदम फ्रेश माल हाय."

फ्रेश म्हणं. ती काय मेथीची जुडी हाय का?

बॅग माझ्या लेकीला पाहिजे होती. ईश्वरीचं नर्सिंग झालं, मग दीड वर्ष ती जर्मन भाषा शिकली, आन आता तिकडच्या एका दवाखान्यात कामाला जायलीय. बारा तारखेचं विमान. तिनं माझ्याकडं काहीच मागितलं न्हाई. सोनं नको म्हणली, कपडे हायेत तेवढे पुरे म्हणली. एकच बोलली, "मम्मी, बॅग तेवढी फुटायला नको."

त्याला कारण होतं. सुकेशनी म्हणून तिच्या वर्गातली एक पोरगी, गंगाखेडची, मागच्या साली अशीच गेली. घरच्यांनी तिच्या भावाच्या लग्नात आलेली आहेराची बॅग तिला देऊन टाकली. तिकडं उतरल्यावर सामान पट्ट्यावरून फिरत येतं ना, तिथं तिची बॅग उघड्या तोंडानं आली. आधी शेंगदाण्याच्या चटणीचा पुडा, त्याच्या मागून आतले कपडे, आन सगळ्यात शेवटी बॅग. शे-दोनशे परकी माणसं बघायलीत आन ही पोरगी पट्ट्यासोबत पळत एकेक कपडा गोळा करायलीय. ईश्वरीनं मला हे सांगितलं तेव्हा ती हसत न्हवती. माझी पोरगी पहिल्यांदा एवढ्या लांब जायलीय, आन पहिल्या पाच मिनिटांत तिची इज्जत अशी पट्ट्यावर फिरायला नको, एवढंच माझं म्हणणं होतं. ह्याच्यासाठी तीन काय, तेरा रविवार गेले असते तरी चाललं असतं.

पण दुकानदारांची तऱ्हा काय सांगू. एक जण चपलेसकट बॅगेवर उभा राहिला आन म्हणला, "झालं का काही?" बॅगेला काही झालं न्हाई, फक्त शेणाचा ठसा उमटला. तो त्यानं गुटख्यानं लाल झालेल्या बोटांनी पुसला आन तीच बॅग माझ्या हातात द्यायला लागला. दुसऱ्याकडं एकाच साच्यातल्या दोन बॅगा, पण दोन वेगळ्या कंपन्यांच्या नावाच्या. तिसऱ्याकडची परदेशी कंपनीची म्हणून मी जरा नखानं खरवडून बघितली, तर कंपनी माझ्या नखात आली. मी त्याला दाखवलं. तो म्हणला, "मॅडम, नाव बघता का बॅग बघता?" मला एवढी किळस आली की त्याच्या दुकानातलं पाणी बी मी पिले न्हाई.

तिसऱ्या रविवारी भुजंग भेटला. दहा फुटाचं दुकान आन तिरसट माणूस. मी आत पाय ठेवला तर मान वर न करता म्हणला, "ताई, द्यायची का वापरायची?"

"म्हणजे?"

"लग्नाकार्यात द्यायची असंल तर ह्या बाजूच्या बघा. स्वतः वापरायची असंल तर त्या बाजूच्या."

तीन आठवड्यांत पहिल्यांदा कुणी तरी खरं बोलल्यासारखं वाटलं. मी द्यायच्या बाजूकडं बघितलं. सोनेरी, गुलाबी, विमानांची चित्रं, फुलपाखरं. भिंत भरून होत्या. वापरायच्या बाजूला फक्त सहा होत्या, आन त्यांच्यावर धूळ.

"एवढ्याच?" मी विचारलं.

"वापरायला कोण घेतंय," तो म्हणला. "आपल्याकडं बॅग द्यायलाच घेतात. घेणारा बी ती वापरत न्हाई, पुढच्या लग्नात देऊन टाकतो. एकेक बॅग पाच-पाच लग्नं करती, रेल्वेत एकदा बी बसत न्हाई. मला बी वीट आलाय ताई, पण तेच विकतं."

मग त्यानं मला बॅग बघायला शिकवलं. पाठीच्या मधोमध अंगठा जोरात दाबायचा. चांगला माल आत जातो आन अंगठा काढला की आपोआप वर येतो. हलका माल दबतच न्हाई, ताठ राहतो. लोकं त्यालाच मजबूत समजतात, आन आपटला की तोच आधी तडकतो. मग पेनाचं टोक चेनीच्या दातांत खुपसायचं. तेवढ्यानं चेन उघडली, तर मग कुलूप कितीबी आकड्यांचं असू द्या. मग आतलं अस्तर उघडून चाकं बघायची, स्क्रूनं आवळलीत का नुसती ठोकलीत. चारी कोपऱ्यांना जोडीजोडीनं पाहिजेत, म्हणजे आठ, आन गोल फिरली पाहिजेत. दांडी पूर्ण वर काढून हलवायची, लटलट करायला नको. शेवटी त्यानं कोपऱ्यातल्या विटा बॅगेत भरल्या आन म्हणला, "आता एका बोटानं ढकला."

मी पोरांच्या वह्या तपासते तशा सहाच्या सहा तपासल्या. निळी पसंत पडली. गडद निळी, चमक न्हाई, चित्र न्हाई, पाठ जरा खरखरीत. रिकामी असताना हातात हलकी, विटा भरल्यावर बी एका बोटानं सरळ चालली. अंगठा दाबला तर आत गेली आन हसल्यासारखी वर आली. मी पर्स उघडली आन तेवढ्यात फोन वाजला. भावाचा नंबर होता, पण बोलायलती माय.

"राजे, बॅग घेऊ नको म्हणं," माय म्हणली. "उद्धव घ्यायलाय. मामाचा मान हाय." एवढं बोलून तिनं फोन ठेवला. पाठ केलेलं बोलल्यासारखा आवाज होता.

आमच्याकडं पोरगी घराबाहेर पडायली की पेटी मामाची. माझ्या लग्नात माझ्या मामानं पत्र्याची पेटी दिली होती, ती आजून हाय, तिच्यात मी ज्वारी ठेवते. मामाच्या आधी घरच्यांनी बॅग आणली तर मामाचं नाक कापल्यासारखं होतं, आन ते मग प्रत्येक कार्यात ऐकावं लागतं. मला हे ठाऊक होतं. तरी त्या निळ्या बॅगेच्या दांडीवरचा माझा हात निघंना.

भुजंगनं तिच्यातल्या विटा काढल्या आन तिला परत फळीवर ठेवलं. "मामाची येणार म्हणा," तो म्हणला. "मग ती ह्या बाजूचीच असंल."

मला त्याचा राग आला. रिकाम्या हातानं घरी आले.

रात्री उद्धवचा फोन आला. उद्धव माझा धाकटा भाऊ, पेडगावला असतो, शेती बघतो, आन यंदा पंचायत समितीला उभं राहायचं म्हणून पांढऱ्या कपड्यांत फिरतो. माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान, मीच त्याला कडेवर घेऊन वाढवलाय. "आक्का, उद्या सोमवारी ईश्वरीला घेऊन परभणीला ये," तो म्हणला. "बॅग बी देतो, आन ते कागदाचं काम बी उरकून टाकू. एका फेरीत दोन्ही."

कागद म्हणजे हक्कसोड. अण्णा, आमचे वडील, जाऊन चार वर्षं झाली. पेडगावची बारा एकर जमीन, वारस तिघं: माय, उद्धव आन मी. मायचं मागंच झालं म्हणला, आता फक्त माझं राहिलं. बहिणीनं भावाच्या नावानं हक्क सोडायचा आन भावानं तिला साडीचोळी करायची, ही इकडची रीत. कुणी बोलत न्हाई, कुणी विचारत न्हाई. मी वर्गात पोरींना समान हक्काचा धडा शिकवते, आन उद्धवचा फोन आला की हो-हो म्हणते. माझी मलाच लाज वाटते, पण खरं ते खरं. नकार दिला तर माहेर तुटंल, मायचं तोंड दिसायचं न्हाई, ह्या एका भीतीपायी मी चार वर्षं नुसती तारखा ढकलत आले होते. आता ढकलायला बी काही उरलं न्हवतं. साडीच्या जागी बॅग, एवढाच फरक.

आमच्या मालकांना विचारलं. भागवतराव म्हणले, "तुझं माहेर, तू बघ." हे वाक्य त्यांनी लग्नापासून पाठ करून ठेवलंय.

सोमवारी आमी मायलेकी आठच्या यष्टीनं गेलो. दस्त लिहिणारा ज्या बिल्डिंगीत बसतो, तिच्या जिन्यात पाय ठेवला आन बघते तर कोपऱ्याकोपऱ्यात पिचकाऱ्या. थुंकू नये म्हणून कुणी तरी भिंतीला देवांच्या फरश्या बसवल्यात, तर लोकांनी देव सोडून बरोबर त्याच्या चार बोटं बाजूला थुंकलंय. एवढी नेमबाजी. मी पदर नाकाला लावला आन ईश्वरीला म्हणलं, कठड्याला हात लावू नको.

वर उद्धव उभाच होता. सोबत दोन माणसं, दोघांच्या हातांत मोबाईल. आन मधे बॅग. सोनेरी होती. तिच्यावर विमान होतं, एक मनोरा होता, ढग होते, आन सगळ्यावर पारदर्शक प्लास्टिकचं कव्हर. भुजंगच्या भिंतीवरची द्यायची बाजू जशीच्या तशी उतरून आली होती.

"मामा," म्हणून ईश्वरी पाया पडली.

"थांब, परत पड," त्यातला एक जण म्हणला. "फोटो नीट न्हाई आला."

पोरगी परत पडली. मग शाल, मग नारळ, मग बॅगेची दांडी दोघांनी धरलेली. "हास जरा. मामाकडं बघ. आता इकडं बघ." ईश्वरीनं सांगितलं तसं केलं. पाच मिनिटांत ते उद्धवच्या स्टेटसला गेलं बी. त्यानं मला दाखवलं. भाचीच्या परदेशगमनानिमित्त मामाची प्रेमाची भेट, आन खाली हात जोडलेली चित्रं. त्याच्या तोंडातून गुटख्याचा वास यायलता. तो लहान असताना मी हेच तोंड परकरानं पुसून घास भरवायची. मी दोन पावलं मागं सरकले.

"प्लास्टिक काढू नको बरं का ईश्वरी," तो म्हणला. "चमक जाती."

दस्त लिहिणाऱ्यानं कागद पुढं सरकवले. "इथं, इथं आन इथं." मी पर्समधलं पेन काढलं आन सहा पानांवर सहा सह्या केल्या. पानं वाचली न्हाईत. पोरांना एकेक गणित दोनदा तपासायला लावणारी बाई मी, बापाच्या जमिनीचा कागद न वाचता सही करायले. आता आठवलं की माझ्याच हाताची मला शिसारी येते.

"अंगठा आन फोटो तीन वाजता, साहेबांपुढं," तो म्हणला. "तुमचा नंबर जेवणानंतर हाय. अंगठा झाल्याशिवाय कागद पक्का न्हाई, लांब जाऊ नका."

उद्धव त्याच्या माणसांना घेऊन खानावळीत गेला. या म्हणला, पण मला त्याच्यापुढं घास उतरला नसता. आमी दोघी समोरच्या चहाच्या हॉटेलात बसलो. टेबल ओलं, पुसायचं फडकं त्याच्याहून घाण, आन भज्यांच्या परातीवर माशा. बॅग आमच्या मधे उभी केली तर ती हळूहळू एका बाजूला सरकत गेली आन भिंतीला जाऊन टेकली. एक चाक खाली टेकतच न्हवतं.

"मम्मी," ईश्वरी म्हणली, "प्लास्टिक काढून बघू का?"

"काढ."

तिनं कव्हर वर ओढलं. तोच तो वास, रॉकेल आन रबर. आन खाली बॅगेच्या पाठीवर, अगदी मधोमध, चार ओळी. भांड्यांवर नाव घालायचं ते टिकटिक करणारं मशीन असतं ना, त्यानं घातलेल्या. चि. ईश्वरी हिला, मामा उद्धवराव बन्सीधरराव, पेडगाव, यांच्याकडून सप्रेम भेट. ईश्वरीचं नाव बारीक, त्याचं दुप्पट मोठं.

आमच्या लोकांना नाव घातल्याशिवाय चैन पडत न्हाई, हे मला माहीत हाय. तांब्या देवो, कुकर देवो, देवळाला पंखा देवो, पात्यावर नाव पाहिजे. पंखा फिरायला लागला की नाव दिसत न्हाई, म्हणून पंखा बंद ठेवणारे बी मी बघितलेत. पण बॅगेवर मशीन चालवलेलं ह्या जन्मी पहिल्यांदा बघितलं. टिंबाटिंबानं सगळी पाठ टोचून ठेवलेली.

मी पेन काढलं. सकाळी सह्या केल्या तेच. चेनीच्या दातांत खुपसलं तर जोर बी लावावा लागला न्हाई. चेन आ करून उघडली, आन वरचं कुलूप जागच्या जागी, शून्य शून्य शून्य. अस्तर उचकटलं. चाकं ठोकलेली, एक ठोकायला बी चुकलेलं. मग मी नावाच्या जरा खाली अंगठा ठेवला आन दाबला.

कट् करून आवाज झाला. सप्रेमच्या स पासून तडा निघाला आन टिंबाटिंबातून वाट काढत उद्धवच्या नावामधून सरळ कडेपर्यंत गेला.

मी अंगठा उचलला. ईश्वरी त्या तड्याकडं बघत बसली. तिला सुकेशनी आठवली असणार, मला बी तीच आठवली. मला वाटलं आता ही रडंल. पण ती रडली न्हाई. उठली, कव्हर परत वरून चढवायला लागली.

"राहू दे मम्मी," ती म्हणली. "मामाला सांगू नको. मी आतून चिकटपट्टी लावते आन वरून दोरी बांधते. जाईल तशी."

"आन फुटली तर?"

"फुटली तर गोळा करीन. तुझं माहेर राहिलं पाहिजे ना."

मी कप खाली ठेवला. ह्या पोरीला हे कुणी शिकवलं? शाळेत न्हाई शिकवलं, कॉलेजात न्हाई शिकवलं. मीच शिकवलं. मला बघून बघून शिकली. फुटकी वस्तू कव्हरात झाकायची, वरून दोरी बांधायची, हसून फोटो काढायचा आन देणाऱ्याचा मान राखायचा. मी सत्तावीस वर्षं हेच केलं, आन आता ही तेच घेऊन विमानात बसायलीय. उद्धवच्या गुटख्याची, जिन्यातल्या थुंकीची, त्या ओल्या टेबलाची, सगळ्याची किळस एका बाजूला, आन त्या वेळेला मला माझी आलेली किळस एका बाजूला. मी उठून हॉटेलच्या मागं गेले आन पिलेला चहा ओकून टाकला. तोंड धुतलं, परत आले आन तिच्या हातातलं कव्हर काढून घेतलं.

तीन वाजता आमी बॅग घेऊन परत वर गेलो, मागनं उद्धव दात कोरत आला. "चल आक्का, नंबर आला."

"मी अंगठा देत न्हाई."

त्याला आधी ऐकू आलं न्हाई असं वाटलं. मग हसला. "सही केलीस की सकाळी."

"केली. न वाचता केली, चूक केली. अंगठा न्हाई."

त्याची दोन्ही माणसं जवळ सरकली. त्यानं त्यांना हातानं लांब केलं आन आवाज खाली आणला. "काय झालं ते तरी सांगशील का?"

मी बॅग त्याच्यापुढं उभी केली. ती परत सरकायला लागली, ईश्वरीनं पायानं अडवली. त्यानं तडा बघितला, उघडी चेन बघितली.

"बॅगेपायी?" तो म्हणला. "बॅगेपायी तू सख्ख्या भावाला असं करायलीस? अगं, बदलून आणली असती." मग त्याचं त्यालाच आठवलं. "नाव घातलंय. आता परत कोण घेणार."

"उद्धव, खरं सांग. दुकानात तुला विचारलं असंल, द्यायची का वापरायची. काय सांगितलंस?"

"द्यायची म्हणलो," तो म्हणला. "मग काय म्हणणार? द्यायचीच होती ना."

तो खोटं बोलायलता असं न्हाई. तेच तर वाईट होतं. त्याला त्यात काही वावगं वाटतच न्हवतं. भाची बॅग वापरणार हाय, तिच्यात तिचे कपडे राहणार हायेत, ती कुठं तरी जाऊन उघडणार हाय, हे त्याच्या डोस्क्यात आलंच न्हवतं. बहीण बी तशीच. फोटोपुरती, कागदापुरती.

"मग मी बी सांगते," मी म्हणलं. "माझा अंगठा मला वापरायचाय."

त्याचा चेहरा पांढऱ्या कपड्यांवर लालभडक झाला. "माहेर बंद समज," तो म्हणला. "मायचं तोंड बघायला मिळायचं न्हाई. पेडगावच्या शिवारात पाय ठेवून दाखव."

ज्या वाक्याला मी चार वर्षं भीत होते ते हेच. ऐकलं आन उभी राहिले.   तो बॅगेची दांडी ओढून जिन्यानं खाली निघाला. दुसऱ्याच वळणावर चुकलेलं चाक निखळलं, एकेक पायरी उतरत गेलं आन कोपऱ्यात पिचकाऱ्यांत जाऊन पडलं. उद्धवनं वळून बघितलं आन तसाच पुढं गेला. ते कुणी उचलणार बी न्हवतं.

मला जिंकल्यासारखं वगैरे काही वाटलं न्हाई. तोंडात नुसती कडू चव होती. दस्तवाला म्हणला, "मॅडम, विचार करा, घरातली गोष्ट हाय." मी त्याला माझ्या सह्यांची पानं मागितली, तो देईना. मी म्हणलं, ठेवा, अंगठ्याशिवाय त्याचं काय करायचं ते तुमी बघा. आन आमी दोघी भुजंगकडं गेलो.

निळी बॅग फळीवरच होती. धूळ पुसलेली होती. त्यानं माझ्याकडं बघितलं, ईश्वरीकडं बघितलं. "मामाची आली होती का?"

"आली होती."

पुढं त्यानं विचारलं न्हाई. मी तपासणार होते, पण ईश्वरी पुढं झाली. तिनं स्वतःचा अंगठा पाठीच्या मधोमध ठेवला आन अंगातला सगळा जोर लावून दाबला. बॅग आत गेली आन वर आली. तिनं परत दाबला. परत वर आली. मग तिनं पर्समधनं माझं पेन घेतलं आन चेन तपासली, अस्तर उघडून एकेक स्क्रू मोजला.

"हीच," ती म्हणली. भुजंगनं विचारलं, "नाव-बिव घालायचं का काही?" ती म्हणली, "न्हाई. रिकामीच राहू द्या."

परतीच्या यष्टीत बॅग आमच्या दोघींच्या मधे उभी होती. कंडक्टर म्हणला, मागं ठेवा. मी म्हणलं, तिकीट लावा पण मागं ठेवणार न्हाई. ऊन उतरायला लागलं होतं. ईश्वरी खिडकीला डोकं टेकवून झोपली, एक हात दांडीवर. मी मायचा विचार करायलते. आता पुढं दिवाळी, आता पुढं तिचं आजारपण, आन मला कळवायला बी कुणी न्हाई.

पालम यायला अर्धा तास राहिला तेव्हा फोन वाजला. नंबर ओळखीचा न्हवता. उचलला.

"राजे."

माय होती. उद्धवचा फोन न्हवता हा. मी विचारलं, कुणाच्या फोनवरून? म्हणली, शेजारच्या तानुबाईच्या.  आता बोलणी खायची म्हणून मन घट्ट केलं.

"बॅग फुटली म्हणं," माय म्हणली.

"हं."

"आन अंगठा?"

"दिला न्हाई माय."

तिकडं कुठं तरी म्हैस ओरडली. 

"मला लुगडं दिलतं त्यानं," माय म्हणली. "अंगठ्याच्या दिवशी. हिरवं. हापिसातच अंगावर घातलं, फोटो बी काढला. पहिल्या धुण्यातच विरलं बघ. बोट लावलं की भसका पडायचा. मी म्हणलं जाऊ दे, पोटचं पोर हाय, कुणाला सांगावं. आता त्याचं फडकं केलंय, चूल पुसायला."

 चार वर्षांत तिनं हे मला एकदा बी सांगितलं न्हवतं.

"राजे, ऐकायलीस ना? माझा अंगठा तर गेला. दोघींत मिळून आता तेवढा तुझा एकच राहिलाय," ती म्हणली. "कुणाला देऊ नको."